बार्न, चौरस अँग्स्ट्रॉम, चौरस फेम्टोमीटर: क्षेत्रफळाची अनोळखी एकके कशी बदलावीत

इंदूरमध्ये तीस बाय पन्नासचा प्लॉट म्हटला की १,५०० चौरस फूट, हे कोणीही तोंडी सांगतं. तेच मीटरमध्ये विचारलं की पुष्कळ जण १,५०० ला ०.३०४८ ने गुणून ४५७ सांगतात. बरोबर उत्तर आहे सुमारे १३९ चौरस मीटर. फुटाचा मीटर दोनदा करायचा असतो, लांबीत आणि रुंदीतही. म्हणून गुणायचं ०.३०४८ च्या वर्गाने. विज्ञानातल्या चमत्कारिक एककांमध्येही चूक बहुतेक इथेच होते.

आधी दिलेलं माप चौरस मीटरमध्ये आणा. अँग्स्ट्रॉम म्हणजे १० चा उणे १० वा घात मीटर, तर चौरस अँग्स्ट्रॉम उणे २० वा. फेम्टोमीटर उणे १५, त्याचा चौरस उणे ३०. बार्न मात्र मुळातच क्षेत्रफळ आहे: १० चा उणे २८ वा घात चौरस मीटर, म्हणजे १०० चौरस फेम्टोमीटर. बार्न म्हणजे धान्याचं कोठार. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी हे नाव दिलं, कारण अणुकेंद्राच्या मानाने हे क्षेत्रफळ कोठाराएवढं ऐसपैस. युरेनियमच्या केंद्राचा आडवा छेद जेमतेम पावणेदोन बार्न भरतो.

आता सगळ्यात फसवी जागा. चौरस मिलीमीटरमध्ये ‘मिली’चाही वर्ग होतो, म्हणून तो चौरस मीटरचा दहा लाखावा भाग. मिलीबार्न मात्र बार्नचा फक्त हजारावा भाग, कारण बार्नमध्ये वर्ग आधीच होऊन गेलेला आहे. माझी भाची बीएस्सीला आहे, तिला मी हेच सांगते: नावात ‘चौरस’ दिसला तरच उपसर्गाचा वर्ग कर.

मग घातांकांची वजाबाकी. इलेक्ट्रॉनवरून क्ष-किरण विखुरण्याचा थॉमसन क्रॉस-सेक्शन, म्हणजे तसं विखुरण्याची शक्यता क्षेत्रफळात सांगणारं माप, ०.६६५ बार्न आहे. ते चौरस अँग्स्ट्रॉममध्ये हवं, तर उणे २८ मधून उणे २० वजा करा, उरतात उणे ८. उत्तर ०.६६५ गुणिले १० चा उणे ८ वा घात, म्हणजेच ६.६५ गुणिले १० चा उणे ९ वा घात. एकक मोठं झालं की आकडा लहान व्हायलाच हवा, तेवढं डोळ्यांखालून घाला.

मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तारांच्या जाडीसाठी वापरतात त्या सर्क्युलर मिलमध्ये चौरस नाही, एक मिल व्यासाचं वर्तुळ आहे. चौरस मिल हवे असतील तर ०.७८५४ ने गुणा.

आपल्या इंदूरच्या कॅटमध्ये, म्हणजे आताच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन वेगाने गोल फिरवून क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्रावर) क्ष-किरणांचं काम चालतं. अशा कामाच्या कोष्टकांत कधी ‘बार्न प्रति अणू’ असतं, तर कधी ‘चौरस सेंटिमीटर प्रति ग्रॅम’. इथे नुसतं क्षेत्रफळ बदलून भागत नाही. बार्नच्या आकड्याला ०.६०२२ ने गुणा आणि अणुभाराने भागा. लोखंडाचा अणुभार ५५.८५; म्हणून लोखंडाचे १०० बार्न प्रति अणू म्हणजे सुमारे १.०८ चौरस सेंटिमीटर प्रति ग्रॅम.