आई-आबा आणि कुत्र्याला घेऊन पन्हाळ्याची रविवार सकाळ कशी आखावी

आमच्याकडं कोल्हापुरात रविवार म्हणजे मटण. फिरायला जायचं तर ते दुपारच्या जेवणाआधीच उरकायला हवं. मी चित्रं काढते, ह्यांना कॅमेऱ्याचा नाद, आईंचे गुडघे दुखतात, आबांना गडाची गोष्ट सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. आणि मोती, आमचा गावठी कुत्रा, गाडीची किल्ली वाजली की दारात जाऊन बसतो. सुरुवातीच्या दोन-तीन सहलींत सगळेच दमून, कुरकुरत घरी आले. मग आम्ही एक गोष्ट बदलली. सकाळचा वेग आईंच्या गुडघ्यांवर आणि मोतीच्या पंजांवर ठरवायला लागलो, आणि प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी यायला लागलं.

आधी तीन रविवार रंकाळा

कुत्र्याला थेट गडावर नेऊ नका. पहाटे रंकाळा तलावावर न्या, शालिनी पॅलेसच्या बाजूला. फिरायला येणारी माणसं, सायकली, भटकी कुत्री, सगळं त्याला तिथं दिसतं. भटकी कुत्री अंगावर आली तर पळू नका, कुत्र्याला उचलूही नका. पट्टा हातात आखूड धरा, पण ताणू नका, आणि त्याला तुमच्या दुसऱ्या बाजूला घेऊन शांतपणे दिशा बदला. पट्टा ताणला की आपली भीती कुत्र्यापर्यंत पोचते.

येताना गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर थांबावंसं वाटतंच. धारोष्ण दूध तुम्ही प्या, कुत्र्याला पाजू नका. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांना दूध बऱ्याचदा पचत नाही. मोतीला पाजलं त्या दिवशी रात्रभर जुलाब झाले, आणि आम्ही दोघं आळीपाळीनं जागलो.

आदल्या आठवड्यात

रेबीजची लस आणि इतर लसींची तारीख कार्डावर बघून घ्या. गोचिडांसाठीचं औषध डॉक्टरांना विचारून आधीच द्या. कुत्र्याच्या पट्ट्याला तुमचा फोन नंबर कोरलेली चकती लावा. गडावर कुत्रं हरवलं तर त्याला घरी आणणारी तीच एक वस्तू असते.

निघण्याची वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. भर पावसात धुकं दाट असतं आणि दगडी पायऱ्या निसरड्या होतात, आईंसाठी आम्ही तो धोका घेत नाही. पहाटे सहाला घर सोडा. शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरी रस्त्यानं वाघबीळपर्यंत, तिथून पन्हाळ्याचा फाटा. सगळं मिळून साधारण वीस किलोमीटर.

कुत्र्याला निघायच्या आधी तीन-चार तास खायला घालू नका, घाटाच्या वळणांवर उलटी होते. पाणी मात्र द्या. त्याला मागच्या सीटवर आबांच्या शेजारी बसवा आणि हार्नेस सीटबेल्टला अडकवा. खिडकीतून डोकं बाहेर काढू देऊ नका. मोपेडच्या पायाजवळ कुत्रं बसवून गडावर जाणारी माणसं दिसतात. कृपा करून तसं करू नका. एक जोराचा ब्रेक पुरे होतो.

सोबत घ्या: दोन लिटर पाणी, कुत्र्याचं भांडं, जुनी वर्तमानपत्रं, जुना टॉवेल, आईंसाठी घडीची खुर्ची, आणि भाकरी. पायात बूट घाला. कोल्हापुरी चप्पल कितीही जीव की प्राण असली तरी तिचा गुळगुळीत तळ गडाच्या पायरीवर घसरतो.

गडावर

इथं सगळ्यात जास्त विचार लागतो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यांत पन्हाळा आहे. कुत्र्याची घाण मागं ठेवून येणं इथं मुळीच शोभत नाही, म्हणून ती वर्तमानपत्रं. शिवाय संरक्षित वास्तूच्या आवारात पाळीव प्राणी नेता येत नाही. म्हणून आम्ही जोड्या पाडतो. दोघं आत, दोघं मोतीजवळ, मग अदलाबदल.

गडावर फिरायला गाडी चालते, त्याचा फायदा घ्या. आधी तीन दरवाजा. आई खुर्ची टाकून उन्हात बसतात, आबा त्यांच्याजवळ मोतीला घेऊन. शेजारची अंधारबाव ही तीन मजली विहीर बघायची तर पायऱ्या उतराव्या लागतात, गुडघे दुखणाऱ्यांनी तो मोह टाळावा. आम्ही दोघंच जाऊन येतो, आणि ही पंधरा मिनिटं आठवड्यातली आमची स्वतःची असतात. ती मागून घ्यायला आम्ही उशिरा शिकलो. घरात सासू-सासऱ्यांशी, ऑफिसात साहेबांशी, संध्याकाळी कुत्र्याशी बोलणं होतं, एकमेकांशी राहून जातं.

पुढं अंबरखाना. धान्याची ही प्रचंड कोठारं आबा आणि मी आतून बघतो, ह्यांच्या हातात मोती. मग सज्जाकोठीपाशी आई आणि हे. शेवटी पुसाटी बुरुजाकडं, तिथं वारा चांगला असतो. आबा नेमके इथंच १६६० चा वेढा सांगायला घेतात. सिद्दी जौहर, जुलैतला पाऊस, महाराजांचं विशाळगडाकडं निघणं. तीच गोष्ट दर वेळी ऐकताना मी बुरुजाचं रेखाटन करते, हे फोटो काढतात, मोती आबांच्या पायाशी झोपतो. प्रत्येकाला अर्धा तास पुरतो. त्याहून जास्त ताणू नका.

साडेनऊ-दहाला गाडीकडं वळा. डांबरावर तळहाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवून बघा, चटका बसला तर कुत्र्याचे पंजेही भाजतील. झुणका-भाकर खायला थांबलात तर कुत्र्याला बंद गाडीत ठेवू नका. काच थोडी खाली असली तरी आतलं तापमान वीस मिनिटांत पंधरा अंशांनी वर जाऊ शकतं. कुत्रं धापा टाकतंय, लाळ घट्ट झालीय, पाय अडखळतायत, असं दिसलं तर सावलीत न्या, पोट आणि पंजे साध्या पाण्यानं भिजवा, वारा घाला आणि डॉक्टर गाठा. बर्फ लावू नका.

घरी आल्यावर

पाऊस सरल्यानंतर गडावरचं गवत वाळतं आणि कुसळं सगळीकडं चिकटतात. कुत्र्याच्या बोटांमधे, कानात, काखेत बघा. आत शिरलेलं कुसळ गळू आणू शकतं. कानात गेलं असेल तर स्वतः ओढू नका, डॉक्टरांकडून काढून घ्या. गोचीड दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा.

आणि आता मटण. रस्स्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासवतो, शिजलेलं हाड फुटून त्याची टोकं आतड्याला लागतात. तरी प्रेमापोटी ताटातलं हाड खाली टाकायची सवय आपल्याकडं घरोघरी आहे. आमच्या आईंचीही होती, आणि त्यांना नुसतं नको म्हणून भागलं नसतं. तेव्हा आलं-लसणाचं वाटण लावायच्या आधी हाड नसलेले चार तुकडे आईच बाजूला काढतात, वेगळ्या पातेलीत नुसत्या पाण्यात शिजवतात, गार करून भातात कालवतात. आम्ही तांबडा-पांढरा वाढून घेईपर्यंत मोतीचं जेवण झालेलं असतं.