ओपीडीच्या पहिल्या सोमवारआधी

माझ्या धाकट्या भावाची दारू सुटून चार वर्षं झाली. पहिल्या खेपेला आमची तयारी एवढीच होती की सोमवारी सकाळी अकराची वेळ घेतलेली होती. डॉक्टरांसमोर आम्ही वीस मिनिटं बसलो आणि पुढचे सात दिवस घरी होतो. त्या सात दिवसांचं काहीच ठरलेलं नव्हतं, त्यामुळे तो प्रयत्न अकराव्या दिवशी संपला. दुसऱ्या खेपेला आम्ही आधी घर तयार केलं, मग वेळ घेतली. भरती न होता, घरून किंवा खोलीवर राहून उपचार घ्यायचे असतील तर काय काय हाताशी हवं, ते आमच्या अनुभवातून सांगते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचं दिसलं होतं. तुमचा माणूस यायला तयार झाला असेल तर ती वेळ फुकट जाऊ देऊ नका.

सगळ्यात आधी त्याला ओपीडी झेपेल का, हे फोनवरच विचारून घ्या. तो रोज पितो का, सकाळी हात थरथरतात म्हणून घ्यावी लागते का, पूर्वी दारू बंद केल्यावर फिट आली होती का, भास झाले होते का, हे चार प्रश्न विचारले जातीलच. यातलं काहीही असेल तर रविवारी ‘उद्या डॉक्टरांकडे जायचंय’ म्हणून अचानक बंद करू नये. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ताप, घाम, भास, बडबड सुरू होऊ शकते. त्यात जीवही जातो. अशा माणसाला पहिले काही दिवस भरती करावं लागू शकतं, त्यानंतर ओपीडी. आमच्याकडे माळ घालून दारू सोडायची रीत आहे आणि त्या श्रद्धेचा मला आदर आहे. माळ जरूर घाला, पण कोणत्या दिवशी घालायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन ताकदीची सलाईन लावून घ्यायची सवय असेल तर ती थांबवा. फार वर्षं पिणाऱ्याच्या अंगात थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, बहुतेकदा कमी असतं. ते आधी न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

मग एक कागद. आम्ही वहीचं एक पान दोन्ही बाजूंनी भरलं होतं. रोज किती ते ‘थोडी’, ‘बेताची’ असं न लिहिता क्वार्टर आणि नाइन्टीत लिहा, देशी का इंग्लिश तेही. किती वर्षं, शेवटची कधी, सगळ्यात जास्त किती दिवस बंद राहिली आणि तेव्हा काय झालं होतं. तंबाखू, गुटखा, गांजा असेल तर तेही. घराण्यात कुणाला नैराश्य, कुणाला वेड, कुणी आत्महत्या केली असेल तर लिहा. आमच्या आईनं मामांची गोष्ट तीस वर्षं दाबून ठेवली होती, ती त्या पानावर पहिल्यांदा उमटली. सुरू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट पिशवीत घाला. पहिल्या वेळी आम्ही झोपेच्या गोळ्यांचं सांगितलंच नव्हतं. तो मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणायचा आणि मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी त्याची आणखी बदनामी कशाला. दारूबरोबर त्या गोळ्या श्वास मंदावू शकतात आणि त्याही एकदम सोडता येत नाहीत. मी लपवलं, त्याचा त्रास त्याला झाला.

चहातून, आमटीतून, कणकेतून गुपचूप काही घालू नका. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा पुड्यांच्या जाहिराती भिंतींवर असतात आणि आया-बायका त्या रडकुंडीला येऊन घेतात, मला ते समजतं. पण दारूशी भिडणाऱ्या गोळीत, म्हणजे डायसल्फिरममध्ये, माणसाला माहीत असणं हाच उपचाराचा पाया आहे. ती घेतलेल्यानं दारू प्यायली तर छाती धडधडते, रक्तदाब घसरतो, प्रसंगी मृत्यू येतो. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत ही प्रतिक्रिया येऊ शकते. शेवटच्या दारूनंतर निदान १२ तास झाल्याशिवाय ती सुरू करत नाहीत. डॉक्टरांनी ही गोळी दिली तर घरातलं कपाट तपासा: खोकल्याचं औषध, तोंड धुवायचं द्रव, आणि आपल्याकडे कुणाच्या लक्षात येत नाहीत ती आसवं-अरिष्टं. द्राक्षासव, अशोकारिष्ट यांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं. आजीची बाटली तिच्या खोलीत ठेवा. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन ही दुसरी गोळी दिली जाते. ती घेणाऱ्यानं अफूच्या वर्गातली वेदनाशामकं घ्यायची नसतात. म्हणून अपघातात कुणालाही दिसेल अशी चिठ्ठी पाकिटात हवी. दोन्हींसाठी यकृताच्या तपासण्या लागतात, जुने रिपोर्ट बरोबर न्या.

मनाच्या आजाराची तयारी वेगळी करायची नसते, ती याच कागदावर करायची. माझा भाऊ पितो म्हणून उदास आहे की उदास आहे म्हणून पितो, यावर आम्ही घरी वर्षभर भांडलो. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्हीकडे एकाच वेळी बघू. दारूमुळे आलेली उदासी बहुतेकदा बंद झाल्यावर तीन-चार आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही टिकली किंवा दारूच्या आधीपासून होती, तर तिच्यावर स्वतंत्र औषध लागतं. म्हणून एक साधं कॅलेंडर घ्या आणि रोज रात्री तीन गोष्टी टिपा: झोप किती तास, जेवला का, बोलला का. आणि एक प्रश्न, जो विचारायला आम्हाला फार जड गेला: ‘जगावंसं वाटत नाही असं मनात येतं का?’ विचारल्यानं विचार डोक्यात येत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आलं तर सोमवारची वाट बघू नका. गोळ्यांचा साठा कुलपात ठेवा, शेतात राहत असाल तर कीटकनाशकाचे डबे गावात दुसऱ्याच्या घरी हलवा, आणि त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. व्यसनाबद्दलची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. दोन्ही फ्रिजवर चिकटवा.

राहायचं कुठे, हा सगळ्यात मोठा प्रश्न ठरतो. आमच्या घराच्या जिन्याखालीच परमिट रूम होती. दिवे लागले की तिथल्या तळलेल्या चकण्याचा वास वर यायचा. आईला मात्र पटेना: घर असताना पोरानं खोली घेऊन का राहायचं, लोक काय म्हणतील? तिला समजावताना मला ऑक्सफर्ड हाऊसची गोष्ट उपयोगी पडली. अमेरिकेत मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला १९७५ साली व्यसनातून बाहेर पडणाऱ्या काही जणांनी एक घर भाड्यानं घेऊन ते स्वतःच चालवायला सुरुवात केली. तिथं वॉर्डन नव्हता. निर्णय मतदानानं, भाडं वाटून, आणि जो पिईल त्यानं घर सोडायचं. आपल्याकडे अशी घरं शोधावी लागतात, पण ही तीन कलमं कुणालाही उचलता येतात. भाऊ दारू सोडणाऱ्यांच्या ज्या मिटिंगला जायचा, तिथले दोघं आधीपासून सोबर, म्हणजे दारूपासून दूर होते. तिघांनी मिळून पुण्यात विश्रांतवाडीकडे दोन खोल्या घेतल्या. तो आठ महिने तिथं राहिला, ओपीडीला तिथूनच गेला, नोकरीही तिथूनच केली. आई दर रविवारी पुरणपोळी नाहीतर वडे घेऊन जायची.

तुम्ही एखादं तयार घर किंवा हाफवे होम, म्हणजे उपचारानंतर घरी परतण्याआधी काही काळ राहायची जागा, बघत असाल तर आधी जाऊन बसा, जेवणाच्या वेळी जा. मनाच्या औषधांना परवानगी आहे का, हे पहिलं विचारा. ‘इथं कुठलीच गोळी चालत नाही’ असं कुणी अभिमानानं सांगितलं तर तिथून परत या. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (दारू सोडणाऱ्यांच्या स्वयंसहायता गटाच्या) स्वतःच्या पुस्तिकेतही सभासदांनी एकमेकांचे डॉक्टर होऊ नये असं बजावलं आहे. फोन काढून घेतात का, दाराला बाहेरून कुलूप असतं का, मारहाण होते का, हे तिथं राहणाऱ्याला एकट्याला गाठून विचारा. नोंदणीचा कागद मागा. आणि स्लिप झालेल्या, म्हणजे कुणी पुन्हा प्यायलेल्या रात्री ते काय करतात ते ऐका. रस्त्यावर सोडून देणारं घर नको, तपासायला दवाखान्यात नेणारं हवं.

पैशांचं थोडक्यात. फोनमधलं पेमेंट अ‍ॅप आणि एटीएम कार्ड पहिले तीन महिने कुणाकडे राहील हे त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीनं ठरवा. हिसकावून घेतलंत तर तो उधारी करील. विम्याची पॉलिसी वाचा: मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यावं असं मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ सांगतो, पण व्यसनाचा उपचार वगळणारं कलम बऱ्याच पॉलिसींत असतं. सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागातही व्यसनाची ओपीडी असते, तिथला वार आणि वेळ आधी विचारून ठेवा. याच मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाला उपचारांसाठी आपला प्रतिनिधी साध्या कागदावर सही करून नेमता येतो. भावानं माझं नाव लिहिलं. आधी मला ते ओझं वाटलं होतं.

संध्याकाळ रिकामी ठेवू नका. सहा ते नऊ या वेळेचा तक्ता आम्ही पूर्वी शाळेचं वेळापत्रक करायचो तसा केला होता: मिटिंग, चालणं, जेवण साडेसातला. पोट रिकामं असलं की ओढ वाढते, हे त्याच्याच तोंडून कळलं. सणांचे दिवस कॅलेंडरवर लाल करा. गटारी, धुळवड, विसर्जनाची रात्र, ३१ डिसेंबर, मित्राच्या लग्नाची वरात. त्या रात्री तो कुठे असेल, कुणाबरोबर असेल, परत कशानं येईल, हे आधी ठरलेलं हवं. पहिल्या वर्षी तो आमच्याच गणपतीत नाचायला उतरला नाही, मांडवात बसून पानसुपारी वाटत राहिला. मंडळाच्या पोरांनी समजून घेतलं.

स्लिप झाली तर काय, हेही आधीच लिहा, आणि तो शुद्धीत असताना त्याच्या अक्षरात. आमच्या कागदावर होतं: रात्री वाद नाही, गाडीची किल्ली ताईकडे, डायसल्फिरम घेतली असेल तर थेट इमर्जन्सी, सकाळी डॉक्टरांना फोन. तो कागद आम्हाला एकदा वापरावा लागला, पाचव्या महिन्यात.

आणि तुम्ही स्वतः. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथं रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. इतर गावांत दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या बैठका असतात. आई आधी म्हणाली, ‘आजारी तो आहे, मी कशाला जाऊ?’ तिसऱ्या बैठकीत ती मामांबद्दल बोलली.

सोमवारी निघताना त्याला पोटभर नाश्ता द्या. पिशवीत तो कागद, गोळ्या, रिपोर्ट, आधार कार्ड, पाण्याची बाटली. ओपीडीत दोन-तीन तास जातात, ऑफिसात अर्ध्या दिवसाची नाही, पूर्ण दिवसाची रजा टाका. खोलीत शिरल्यावर आधी त्याला बोलू द्या. तुमचं सांगायचं असेल ते नंतर, त्याच्यासमोरच सांगा. उठण्यापूर्वी पुढची तारीख लिहून घ्या. आणि त्याच दिवशी संध्याकाळी सहाला तो कुठे असेल हे घरातून बाहेर पडण्याआधीच ठरलेलं असू द्या. आमची साडेसहाची मिटिंग होती. मी त्याच्याबरोबर तिथवर चालत गेले आणि संपेपर्यंत बाहेरच्या कट्ट्यावर बसले.