काळ्या दगडात अक्षर कोरताना: सगळं अडतं ते 'म'च्या गाठीपाशी

चष्मा, धुळीचा मास्क, धारेची छिन्नी, हे सांगत बसत नाही. साताऱ्यात दगड काळाच घ्यायचा, बेसॉल्ट. त्यावर हातोडी वाजवा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत चीर आहे. शंका असेल तर पाणी ओता. बाकी दगड वाळतो आणि चीर ओल्या रेघेसारखी मागे राहते. पांढऱ्या ठिपक्यांचा दगड कितीही स्वस्त मिळाला तरी नको, छिन्नी लागली की ठिपका निखळून खळगा पडतो.

कॉम्प्युटरवरचा फॉन्ट मोठा करून दगडावर चिकटवायचा सल्ला हल्ली जो तो देतो. तो ऐकू नका. कागदासाठी बेतलेल्या अक्षराच्या पोटात जागाच नसते. बोरूने स्वतः काढा आणि दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. 'आशीर्वाद'मधला 'शी' ऱ्हस्व कोरलेल्या पाट्या रस्तोरस्ती दिसतात. मग दगडावर खडूचा हात, वर कार्बन, वर कागद, आणि गिरवा.

चर व्ही आकाराचा. आधी रेषेच्या बरोबर मधोमध छिन्नी उभी मारत न्या, मग दोन्ही कडांकडून तिरपी धरून तळाकडे उतरा. आठ मिलिमीटर रुंदीला चार मिलिमीटर खोली पुरते. शिरोरेघ आधी पूर्ण करा. दंड, म्हणजे अक्षराची उभी रेघ, मात्र वरून खाली आणा. खालून वर गेलात तर शेवटच्या घावाला शिरोरेघेचा कोपरा उडतो, कारण पलीकडे दगडाला आधारच उरलेला नसतो.

आता गाठ, म्हणजे अक्षरातलं ते छोटं बंद वेटोळं. 'म', 'भ', 'ब' यांच्या पोटात चारी बाजूंनी कोरल्यावर दगडाचं एक बेट उरतं. बेट राहिलं तर अक्षर, पडलं तर खड्डा. माझी पहिली दोन वर्षं बेटं पाडण्यातच गेली. सांगलीतल्या एका घरासाठी 'मातृछाया' कोरत होतो. शिरोरेघ सुरेख, 'छ'ची वळणं सुरेख, आणि संध्याकाळी घाईत 'म'च्या गाठीला शेवटचा घाव घातला. डाळीएवढा तुकडा टुणकन उडाला. मालक म्हणाले, लांबून कोण बघतंय. घरातल्या आजींनी मात्र अक्षरांवरून बोट फिरवलं, गाठीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "इथं काय पडलंय रं?" दुसरा दगड माझ्या खर्चाने आणला.

चूक ताकदीची नव्हती, दिशेची होती. छिन्नी मी गाठीच्या चरात बाहेरच्या कडेने आत, बेटाच्या अंगावर चालवत होतो. तळाशी पोचल्यावर प्रत्येक घाव बेटाच्या बुडाशी बसत होता. आता बेटाकडची भिंत आधी कोरतो, चर उथळ असतानाच. छिन्नीचं टोक बेटाच्या कडेवर आणि रोख बेटापासून दूर, चराच्या मध्याकडे. बाहेरची भिंत नंतर, मधल्या रेघेपर्यंतच, तिच्यापलीकडे एक घावही नाही. छिन्नी सहा मिलिमीटरची आणि हातोडी सगळ्यात हलकी. घाव दगडाला सांगण्यापुरता, मोडण्यापुरता नाही. गाठीत खोलीचा हट्टही धरू नका. दंड चार मिलिमीटर असेल तर इथे अडीच खूप झाली.

तुटलेलं बेट चिकटवायला इपॉक्सी आहे म्हणतात. मीही चिकटवून पाहिलं, आणि एका उन्हाळ्यातच जोड पिवळा पडला. बेट पडलं तर सगळा पृष्ठभाग दोन-तीन मिलिमीटर घासून खाली घ्या नाहीतर दगड बदला. म्हणून मी गाठीची अक्षरं सगळ्यात आधी कोरतो. नुकसान व्हायचंच तर सकाळी होऊ दे, पूर्ण ओळ कोरून झाल्यावर नको.

रंग भरू नका. घासलेला काळा दगड गडद दिसतो आणि ताजा घाव पांढरट राखाडी, एवढा फरक वाचायला पुरतो. पुढे घाव मळतो, तेव्हा सावली वाचून दाखवते. पटत नसेल तर साताऱ्याजवळच्या लिंबला बारा मोटेची विहीर बघून या. विरूबाई भोसल्यांनी ती १७१९ ते १७२४ मध्ये बांधून घेतली. तिथल्या शिलालेखावर टॉर्च समोरून मारा, मग कडेने आडवी धरून मारा.

त्यावरूनच पाटी कुठे लागणार हे गिऱ्हाइकाला आधी विचारा. उत्तरेच्या भिंतीवर ऊन फारसं येत नाही, तिथे आठ मिलिमीटरच्या दंडाला चारऐवजी पाच-साडेपाच खोली घ्या. गाठ सोडून.