पद्मिनीला कोणता रंग द्यावा? जुन्या फियाटचा रंग आणि क्रोम ठरवताना

जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट डिलाइट हाती आली की घरात पहिली चर्चा रंगाची सुरू होते. शेड कार्ड उघडायचं आणि आवडेल त्यावर बोट ठेवायचं, हा झाला उलटा क्रम. आधी तीन गोष्टी बघा: आरसीतली नोंद, पत्र्याची अवस्था आणि वाचवता येईल तेवढं क्रोम. यातून जे रंग उरतील, त्यांतूनच निवडा.

आधी कागद

आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. तो बदलणार असाल तर काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्या आणि नंतर नोंद बदलून घ्या. ऑलिव्ह ग्रीन कितीही आवडला तरी विसरा. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे तो लष्कराच्या वाहनांसाठी राखीव आहे. आणि काळी-पिवळी? ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हा तिची आठवण म्हणून असा मोह होणं समजू शकतं. पण खासगी नंबरच्या गाडीला टॅक्सीचा वेष चढवलात तर नाक्यानाक्यावर खुलासे देत बसाल.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, मात्र ती मूळ रूपात असावी लागते. अशी नोंद झाली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

मूळ रंग शोधा

मूळ रंग द्यायचाच असं नाही, पण तो माहीत असलाच पाहिजे. बाहेरच्या पत्र्यावर आजवर तीन-चार रंग चढलेले असतात, त्यामुळे तिथे बघून उपयोग नाही. दरवाजाचं आतलं पॅनेल काढा, मागच्या दिव्यांची बैठक सोडवा, काचेच्या रबरी बीडिंगखाली बघा, डॅशबोर्डच्या पत्र्याची मागची बाजू तपासा. रंगवणारा तिथवर सहसा पोचत नाही.

दुसरी खूण हवी असेल तर मडगार्डच्या एका कोपऱ्यात रुपयाएवढी जागा पाण्याबरोबर घासा: आधी ४०० नंबरचा पेपर, मग ८००, मग १२००. थर एकाखाली एक कड्यांसारखे दिसू लागतात. प्रायमरला लागून असलेलं सर्वांत आतलं रंगीत कडं मूळ असण्याची शक्यता सर्वांत जास्त. तिथे काळा निघाला तर गाडी कधीकाळी टॅक्सी होती का, ही चौकशी जरूर करा.

आता एक गंमत. उन्हात लाल रंग विटून गुलाबी होतो, म्हणून झाकलेल्या जागेचा नमुना खरा मानतात. पण सिंथेटिक इनॅमलचा पांढरा आणि क्रीम रंग नेमका अंधारात पिवळा पडतो. डिकीच्या आतला क्रीम मोजून तसाच बनवलात तर सगळी गाडी हळदीची होईल. अशा रंगाचा नमुना काही दिवस उजेडात ठेवा, हलकं पॉलिश करा आणि मग शेड मोजायला न्या.

पत्रा काय म्हणतो?

हाताने ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर काळा किंवा गडद निळा दिला की प्रत्येक लाट दिसते. दरवाजावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाडून बघा. ते वाकडंतिकडं दिसलं आणि डेंटर ‘आता यापेक्षा होणार नाही’ म्हणाला, तर फिका रंग घ्या. क्रीम, फिका राखाडी, आकाशी हे रंग पुष्कळ काही पोटात घालतात. लांबीचे (खड्डे भरायच्या पुटीचे) थर चढवून काळ्याचा हट्ट पुरवू नका. जाड लांबी काही उन्हाळे-पावसाळे झाले की तडकते.

लाल आणि पिवळे रंग खालचा थर पटकन झाकत नाहीत, म्हणून त्यांच्याखाली सरफेसर (रंगाच्या लगेच खालचा, पृष्ठभाग सपाट करणारा थर) फिका आणि सगळीकडे एकसारखा हवा. नाहीतर दोन दरवाजे दोन लालांचे दिसतात.

क्रोम रंगाच्या आधी

बहुतेकांचं इथे चुकतं. गाडी रंगवून येते आणि मग ग्रिल, पट्ट्या, अक्षरं शोधायला माणूस कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, चोरबाजारात नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात फिरू लागतो. मिळालेली पट्टी दुसऱ्या मॉडेलची निघाली की भोकं जुळत नाहीत आणि नव्या रंगावर ड्रिल चालवावं लागतं. त्यामुळे सगळं जमवा, रंगाआधी एकदा गाडीवर बसवून बघा, काढा आणि मगच रंगाला द्या.

प्रत्येक तुकड्याला चुंबक लावा. चिकटला तर लोखंड. तो नीट घासून तांबं, निकल आणि क्रोम असे थर पुन्हा चढवता येतात. चिकटला नाही आणि हलका असला तर ॲल्युमिनियम. त्याला पॉलिश करा, क्रोमच्या मागे लागू नका. चिकटला नाही पण जड असला तर बहुधा जस्ताचं ओतकाम. त्यात खड्डे पडले असतील तर प्लेटिंगवाल्याशी आधी बोला, कारण तेजाबात ते आणखी खाल्लं जातं. मूळ बंपर वाचत असेल तर वाचवाच. बाजारातल्या नव्या पातळ बंपरपेक्षा दुरुस्त केलेला जुना मला केव्हाही बरा वाटतो.

क्रोमचा रंगाशी थेट संबंध आहे. गडद अंगावर क्रोम उठून दिसतं, त्याचे डागही तसेच. समुद्राच्या हवेने ठिपके पडलेलं क्रोम तसंच ठेवायचं असेल तर फिका रंगच सोयीचा. दोन रंग करायचे असतील तर त्यांची सीमा बाजूच्या पट्टीवर किंवा पत्र्याच्या घडीवर पडली पाहिजे, मोकळ्या पत्र्यावर नाही. पांढऱ्या कडांचे टायर मात्र या गाडीला नटवल्यासारखे दिसतात. अर्थात हे माझं मत.

सीटचं रेक्झिनही याच वेळी ठरवा. त्याचा तुकडा, क्रोमचा एक भाग आणि रंगाचा नमुना शेजारी ठेवून बघा.

नमुना आणि खरेदी

मोबाइलच्या पडद्यावर रंग पसंत करू नका. फूटभर पत्र्यावर प्रायमरसकट फवारून घ्या आणि तो सकाळच्या उन्हात, सावलीत आणि रात्री दिव्याखाली बघा. मोठ्या अंगावर रंग छोट्या चौकोनापेक्षा भडक वाटतो, म्हणून दोन शेडमध्ये अडलात तर मवाळ घ्या.

जुन्या फियाटला साधा सॉलिड रंग शोभतो. टू-के पॉलियुरेथेन (हार्डनर मिसळून मारायचा रंग) एकाच टप्प्याचा, वर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर न देता मारायला सांगा. क्लिअरची काचेसारखी चमक या अंगावर परकी वाटते. भर पावसाळ्यात काम देऊ नका. दमट हवेत, विशेषतः जुन्या पद्धतीच्या लॅकरवर, पांढुरकी साय येते.

सगळा रंग एकाच वेळी, एकाच घाण्यात बनवून घ्या. अर्धा लिटर बाजूला काढून डबा घट्ट बंद करा आणि टिंटिंगचा फॉर्म्युला (शेड बनवण्याचं प्रमाण), कंपनी, तारीख झाकणावर मार्करने लिहून ठेवा. फॉर्म्युल्याचा एक फोटो मोबाइलमध्येही असू द्या, कारण पहिला ओरखडा पार्किंगमध्येच पडतो.