निकालपत्र वाचताना या चुका टाळा

दिवाणी दाव्याचे निकालपत्र हाती पडले की बहुतेक पक्षकार ते पहिल्या पानापासून वाचू लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदातच फसतात. तिथे लिहिलेले असते, 'प्रतिवादीने सामाईक बांध कोरून वादीच्या दोन गुंठे क्षेत्रावर अतिक्रमण केले.' वादीला वाटते, न्यायालयाने आपले म्हणणे मान्य केले. प्रतिवादीची झोप उडते. प्रत्यक्षात त्या परिच्छेदाच्या आरंभी 'वादीचे थोडक्यात कथन असे की' हे शब्द असतात आणि पुढचा मजकूर न्यायाधीशांनी केवळ नोंदवून घेतलेला असतो. न्यायालयाचे मत कळते ते मुद्दे आणि निष्कर्ष यांच्या तक्त्यातून. 'प्रतिवादीने अतिक्रमण केल्याचे वादी सिद्ध करतात काय?' या मुद्द्यासमोर 'नकारार्थी' असे लिहिले असेल, तर ते वाक्य सिद्ध न झालेले कथनच राहते. म्हणून आधी हा तक्ता पाहावा, मग शेवटचा आदेश, आणि त्यानंतर कारणमीमांसा वाचावी. कारणमीमांसेतही वकिलांचे युक्तिवाद आणि जुन्या निवाड्यांतील उतारे मिसळलेले असल्यामुळे इथे कोण बोलत आहे, हा प्रश्न प्रत्येक परिच्छेदाला विचारावा लागतो.

निकालपत्रात कारणे असतात. अंमलबजावणीची दरखास्त, म्हणजे निकाल अमलात आणण्यासाठीचा अर्ज, मात्र हुकूमनाम्याच्या, म्हणजे निकालानुसार काढलेल्या औपचारिक आदेशाच्या, आधारे दाखल होते. हुकूमनाम्यात गट क्रमांक किंवा आकडा नजरचुकीने चुकीचा पडला असेल, तर अपिलाकडे धावू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 152 खाली त्याच न्यायालयाकडून दुरुस्ती करून घेता येते.

'आम्ही अपील केले आहे, आता काही होणार नाही' हा समज सर्वांत महागात पडतो. संहितेच्या आदेश 41, नियम 5 नुसार केवळ अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याला स्थगिती मिळत नाही. ती वेगळी मागावी लागते आणि न्यायालयाने पुरेसे कारण पाहून द्यावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाच्या बाबतीत गफलत निराळी होते. संविधानाच्या अनुच्छेद 141 नुसार त्याने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. पण विशेष अनुमती याचिका, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याची परवानगी मागणारा अर्ज, कारणे न देता एका ओळीत फेटाळली, तर उच्च न्यायालयाच्या निकालावर शिक्कामोर्तब झाले, असा त्याचा अर्थ होत नाही. कुन्हायम्मद विरुद्ध केरळ राज्य या 2000 सालच्या निवाड्यात हे स्पष्ट केलेले आहे, तरीही अशा आदेशानंतर 'सर्वोच्च न्यायालयाचीही मान्यता' असे सर्रास म्हटले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

निकाल न पटल्यास मुदतीकडे लक्ष द्यावे. दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपिलासाठी 30 दिवस आणि उच्च न्यायालयात 90 दिवस मिळतात. प्रमाणित नक्कल मिळण्यात गेलेला आवश्यक काळ त्यातून वगळला जातो, मात्र नकलेचा अर्ज त्या मुदतीतच केलेला असावा.