जुनी पुस्तकं विकायचीत? आधी उचलायला शिका

या धंद्यात नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो, विकायची कुठे. अहो विकणं सोपंय, उजेडात चार फोटो काढा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि इन्स्टावर टाका, किंमत स्पष्ट लिहा, झालं. खरी गोची माल उचलताना होते आणि तिथे सगळे एकच सांगतात, रद्दीच्या भावात पोतंभर घ्या. हे अजिबात ऐकू नका.

पुण्यात माल मिळतो ओळखीच्या रद्दीवाल्यांकडे, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात, आणि सदाशिव पेठ, नवी पेठेतली रूम सोडून गावी निघालेल्या एमपीएससीच्या पोरांकडे. रद्दीवाल्याला वजनाच्या भावापेक्षा थोडे जास्त द्या, पुढच्या वेळी तो आधी तुम्हाला फोन करेल.

आता उचलणं. अभ्यासाची पुस्तकं म्हणजे नाशवंत माल, हे डोक्यात पक्कं बसवा. 2019 ला पुणे विद्यापीठाचा इंजिनिअरिंगचा पॅटर्न, म्हणजे अभ्यासक्रम, बदलला तेव्हा माझ्याकडे 2015 पॅटर्नची फर्स्ट इयरची दोन पोती होती, स्वस्त मिळाली म्हणून जून महिन्यात उचललेली, कोरी करकरीत, आणि दिवाळीपर्यंत त्यातली जेमतेम पाच-सहा गेली, बाकी ज्या रद्दीवाल्याकडून आणली त्यालाच परत घातली. तेव्हापासून मी आधी कव्हरवरचं पॅटर्नचं वर्ष बघतो आणि मगच किंमत विचारतो. आता तर 2024 पॅटर्न आलाय, त्यामुळे 2019 ची पुस्तकं फक्त वरच्या वर्षांचीच घ्या, तीही मोजकीच. एमपीएससीचंही तेच, राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे मुख्यच्या जुन्या बहुपर्यायी प्रश्नसंचांना आता कोणी हात लावत नाही, आणि चालू घडामोडी तर फुकट मिळाल्या तरी सोडा.

कथा-कादंबऱ्या, चरित्रं, जुने दिवाळी अंक हा टिकाऊ माल. पण प्रत्येक पुस्तक हातात घेऊन बघायचं, गठ्ठा बघून नाही. मी आधी मागचं पान उघडतो, शेवटचा फॉर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा, सुटलेला असेल तर गोष्टीचा शेवटच गायब असतो. मग पानाचा कोपरा हलकाच दुमडायचा, तुकडा पडला तर कागद संपलाय, ठेवून द्या. मग शिवणीत बघायचं, बारीक भुसा दिसला किंवा चंदेरी कसर पळाली तर ते पुस्तक घरात आणूच नका, एकामुळे अख्खं कपाट जातं. कुबट वास पावसाळ्यात वाढतो, "ऊन दाखवलं की जातो" म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, उन्हानं कव्हरचा रंग मात्र उडतो. वाचनालयाचा शिक्का आहे पण बाद केल्याचा नाही? घेऊ नका. फूटपाथवरच्या झेरॉक्स छाप पायरेटेड कॉप्याही नाहीत, ओरिजिनल पुस्तक पुन्हा विकणं कायदेशीर आहे, ते नाही.

कोणाच्या घरची आजोबांची पुस्तकं घ्यायला गेलात तर घाई करू नका. चांगली पहिली आवृत्ती निघाली तर घरच्यांना तोंडावर सांगा आणि नीट पैसे द्या. मला अशाच एका काकूंनी पुढे आणखी तीन घरची पुस्तकं मिळवून दिली.

किंमत लावताना खरेदी, पॅकिंग आणि न विकली जाणारी पुस्तकं तिन्ही धरा. मी 20 ला घेतलेल्या पुस्तकाची किंमत सुरुवातीला 100 च्या खाली लावत नाही, कारण दहातली तीन पडूनच राहतात. तीन महिन्यांत हललं नाही तर किंमत निम्मी, सहा महिन्यांनी गठ्ठ्यात विकून टाका.

पाठवायला पोस्टाची ज्ञान पोस्ट सेवा बघा, 1 मे 2025 पासून सुरू आहे, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोपर्यंत 100, वर टॅक्स. नियमात बसणारी पुस्तकंच चालतात, खिडकीवर आधी विचारून घ्या. आणि पावसाळ्यात आधी प्लास्टिक, मग पुठ्ठा, कोपऱ्यांना डबल टेप.