एकटीनं डेन्मार्कला जाऊन डोनर आययूआय करायचंय? तिकीट काढायच्या आधी हे वाचा

जर्मनीत राहणाऱ्या एकट्या मराठी मुलींकडून हा प्रश्न सारखा येतो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आययूआय म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं.

भारतात एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या) कायदा २०२१ प्रमाणे २१ ते ५० वयाच्या एकट्या बाईला डोनर स्पर्म घेता येतं, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. पण तिथे डोनरची ओळख गुप्तच राहते. जर्मनीत कायद्यानं बंदी नाही, पण बरीच क्लिनिक एकट्या बाईला घेत नाहीत किंवा मुलाच्या खर्चाची हमी देणारं कुणीतरी नोटरीसमोर उभं करा म्हणतात, आणि सरकारी इन्शुरन्स फक्त लग्न झालेल्यांनाच पैसे देतो. म्हणून सगळ्या डेन्मार्कला पळतात. तिथे आधी डॉक्टरांना एकट्या बायकांवर हे करायला मनाई होती, पण कायद्यात फक्त डॉक्टर लिहिलेलं, मग सुईणींनी क्लिनिक काढून करायला सुरुवात केली :) २००७ पासून डॉक्टरांनाही परवानगी आहे. वयाची अट मात्र कडक, ४६ पूर्ण व्हायच्या आत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डोनरचा कॅटलॉग लगेच उघडू नका. एकदा उघडला की लहानपणीचे फोटो, आवाजाची क्लिप, हस्ताक्षर बघत रात्री जातात आणि टेस्ट राहतात बाजूला. आधी गायनॅककडे जाऊन एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्ताची टेस्ट), थायरॉइड, पाळीच्या सुरुवातीची सोनोग्राफी आणि ट्यूब ओपन आहेत का ते बघून घ्या, ट्यूब बंद असतील तर आययूआयचा काही उपयोग नाही, सरळ आयव्हीएफचा (टेस्ट ट्यूब बेबीचा) विचार करावा लागतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस हे रिपोर्ट क्लिनिक मागतंच आणि जुने चालत नाहीत. रुबेलाची इम्युनिटी नसेल तर लस घेऊन महिनाभर थांबावं लागतं म्हणून हे सगळ्यात आधी. फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, निदान महिनाभर आधीपासून.

आणि थॅलेसेमिया, रक्ताचा आनुवंशिक आजार! युरोपातले डॉक्टर स्वतःहून विचारतीलच असं नाही, पण आपल्याकडे मायनर, म्हणजे त्याचे नुसते वाहक असणारे खूप आहेत आणि त्यांना स्वतःला काही त्रास नसतो त्यामुळे पत्ताच नसतो. एचबी ए२ ची टेस्ट करा, तुम्ही मायनर निघालात तर डोनरचीही तीच टेस्ट झालीय का ते स्पर्म बँकेला लेखी विचारा, डोनर भारतीय वंशाचा असेल तर नक्कीच. ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर तेही डोनर निवडताना डॉक्टरशी बोला. सीएमव्ही नावाच्या विषाणूची एक टेस्ट असते, ती निगेटिव्ह आली तर डोनरही निगेटिव्ह घ्या म्हणतात, आपल्याकडच्या बहुतेकींची पॉझिटिव्हच येते त्यामुळे सहसा अडत नाही.

हे झालं की मग डोनर. डेन्मार्कात दोन प्रकार मिळतात, एक ज्याची ओळख कधीच कळत नाही आणि दुसरा ज्याची ओळख मूल १८ वर्षांचं झाल्यावर मागू शकतं. दुसरा महाग असतो. माझं स्पष्ट मत, पैसे वाचवायचे तर हॉटेलात वाचवा, इथे नको, कारण प्रश्न तुम्हाला नाही तुमच्या मुलाला पडणारे. शिवाय जर्मनीत राहून ओळख कधीच न कळणारा डोनर घेतला तर एकट्या पालकाला सरकार जो पोटगीचा अ‍ॅडव्हान्स देतं तोही मिळत नाही, २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय कोर्टानं तसा निकाल दिलाय. जर्मनीचं डोनर रजिस्टरही जर्मनीत झालेल्या उपचारांसाठीच आहे, त्यामुळे डोनर नंबर, पावत्या, क्लिनिकचे कागद सगळं स्वतः जपून ठेवा. एका डोनरची जगभर किती कुटुंबं होऊ शकतात तेही विचारा, २०२५ मध्ये एका डॅनिश डोनरची बातमी आली होती, टीपी५३ जीनमध्ये कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष आणि त्याची युरोपभर किमान १९७ मुलं. रंग, उंची, आणि हो, जात विचारणाऱ्या मावशीला कॅटलॉग दाखवू नका.

ऑर्डर करताना एमओटी दिसेल, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये किती दशलक्ष हलणारे शुक्राणू. आययूआयसाठी धुतलेलं, म्हणजे लॅबमध्ये शुक्राणू वेगळे काढलेलं सँपल लागतं, न धुतलेलं स्वस्त दिसलं तरी ते तसंच गर्भाशयात सोडत नाहीत. कुठलं चालेल ते क्लिनिकला विचारूनच पैसे भरा.

खरी धावपळ टायमिंगची. फ्रोझन स्पर्म वितळल्यावर जेमतेम दिवसभर टिकतं, त्यामुळे इन्सेमिनेशन बीज सुटायच्या आसपासच व्हायला हवं. पाळीच्या दहाव्या-बाराव्या दिवशी आपल्या गावातच सोनोग्राफी करायची, रिपोर्ट कोपनहेगनला मेल करायचा, मग एकतर एलएच स्ट्रिप (बीज सुटणार हे सांगणारी लघवीची टेस्ट) पॉझिटिव्ह यायची वाट बघायची नाहीतर बीज सोडवणारं ट्रिगर इंजेक्शन घेऊन साधारण ३६ तासांनी तिथे हजर राहायचं. यासाठी स्कॅन करून देणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवा, ऐन वेळी अपॉइंटमेंट मिळत नाही, वीकेंडला तर विसराच. तिकीट बदलता येणारंच घ्या, हॅम्बुर्गजवळ असाल तर ट्रेन बरी. जर्मन रेसिडन्स कार्ड असेल तर डेन्मार्कचा वेगळा व्हिसा नको पण पासपोर्ट सोबत ठेवा. आयर्लंड किंवा यूकेत भारतीय पासपोर्टवर राहत असाल तर शेंगेन मल्टिपल एंट्रीच मागा, कारण तारीख पाळी ठरवते, एम्बसी नाही.

बजेट एका सायकलचं धरू नका, पस्तिशीच्या आत असलात तरी बहुतेक सायकल निगेटिव्ह जातात. अडतिशीच्या पुढे असाल तर किती आययूआयनंतर आयव्हीएफकडे वळायचं ते डॉक्टरशी आधीच ठरवा.

प्रोसिजर काही मिनिटांची, त्याच दिवशी परत निघता येतं. प्रेग्नन्सी टेस्ट दोन आठवड्यांनीच करा, ट्रिगर घेतलं असेल तर त्यातलं एचसीजी (टेस्ट जे हार्मोन शोधते तेच) अंगात राहतं आणि लवकर केलेली टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.